संगणकाच्या ठिगळाची गोष्ट



२०२५च्या पावसाळ्यात एका खेड्यातील शाळेत जाण्याचा योग आला. ऑफिसात संगणक चालू होता आणि गुरुजी पोषण आहाराचे आकडे भरीत बसले होते. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक सूचना उमटली : अपडेट तयार आहे, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करू का? गुरुजींनी मान वर न करता 'नंतर' दाबले. मी विचारले, "हे केव्हापासून चाललंय?" ते हसून म्हणाले, "होळीपासून, सर. इंटरनेट माझ्या मोबाइलवरचं, वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि आकडे तर आजच पाहिजेत. अपडेटला वेळ कुणाला आहे?"

गुरुजींची अडचण खोटी नव्हती. पण या 'नंतर'ला एक इतिहास आहे, आणि तो जगाला फार महाग पडलेला आहे. तोच आज सांगावयाचा आहे.

संगणकाचे यंत्र हा वाडा धरला, तर ऑपरेटिंग सिस्टिम हा त्या वाड्याचा कारभारी. कोणाला आत घ्यावयाचे, कोणते कपाट कोणाला उघडून द्यावयाचे, हे सारे तो पाहतो. घरोघरच्या संगणकांत बहुधा मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीचा विंडोज नावाचा कारभारी असतो. त्याला दिलेल्या हुकुमांच्या ओळी कोट्यवधी, आणि त्या माणसांनीच लिहिलेल्या. तेव्हा त्यांत चुका राहावयाच्याच. चूक सापडली की कंपनी दुरुस्ती पाठविते. इंग्रजीत तिला म्हणतात पॅच, म्हणजे आपले ठिगळ. हा नुसता अलंकार नव्हे बरं का. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात मार्क वन नावाचे अवाढव्य गणनयंत्र चालू झाले. त्याला हुकूम द्यावयाचे ते कागदी फितीला भोके पाडून. चुकीचे भोक पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत. आजी गोधडीला लावते तसेच!

भोकातून चोर शिरल्याची पहिली मोठी बोंब झाली ती २ नोव्हेंबर १९८८ रोजी. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने आपले आपण पसरणारे एक प्रकरण इंटरनेटवर सोडले. अशा प्रकरणाला 'वर्म', म्हणजे किडा म्हणतात. सुमारे ६,००० संगणक त्याने लुळे केले असा त्या वेळचा अंदाज होता. मॉरिसला १०,०५० डॉलर दंड झाला आणि ४०० तास समाजसेवा करावी लागली. पण ती यंत्रे विद्यापीठांची आणि संशोधन संस्थांची. सामान्य माणसाच्या घरापर्यंत ही बाधा ठळकपणे पोचली ती २००३ साली.

त्या वर्षीचा क्रम नीट ध्यानात घ्यावा. विंडोजमध्ये एक भोक सापडले आणि १६ जुलै २००३ रोजी कंपनीने त्याचे ठिगळ सर्वांना खुले केले. आता मौज अशी की, ठिगळ कोठे लावले आहे हे पाहिले म्हणजे भोक कोठे होते हेही कळते. ज्याने ते लावून घेतले तो सुरक्षित झाला; ज्याने लावले नाही त्याच्या घराचा नकाशा मात्र गावभर झाला. कसबी लोकांनी ठिगळ उसवून पाहिले, आणि ११ ऑगस्टला, म्हणजे अवघ्या २६ दिवसांनी, ब्लास्टर नावाचा किडा बाहेर पडला. कोणी काही उघडावयास नको, कशावर बोट दाबावयास नको. यंत्र इंटरनेटला जोडलेले असले की पुरे. मी तेव्हा एम.ए.चा विद्यार्थी होतो आणि टिपणे टाइप करण्यासाठी सायबर कॅफेत जात असे. पडद्यावर एक चौकट यावयाची आणि साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न अशी उलटी मोजणी सुरू व्हावयाची. शून्यावर यंत्र बंद! कॅफेचा मालक कपाळाला हात लावून बसला होता. माझे अर्धे प्रकरण त्या साठ सेकंदांत गेले, ते आजही आठवते.

या किड्याच्या कर्त्याने आणखी एक बेत केला होता. जेथून ठिगळे मिळत त्या इंटरनेटवरील एका पत्त्यावरच १६ ऑगस्टला हल्ला चढवावयाचा, म्हणजे वैद्याचे घरच बंद पाडावयाचे. मायक्रोसॉफ्टने तो पत्ता मोडीत काढून वेळ निभावून नेली.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. ऑक्टोबर २००३पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ठिगळे काढण्याचा नेम ठरला; आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते. आणि ऑगस्ट २००४मध्ये विंडोज एक्सपीची मोठी सुधारणा निघाली, तीत फायरवॉल नावाचा पहारा मुळातच चालू ठेवलेला होता. एक्सपीत असा पहारा आधीही होता, पण तो बंद करून दिलेला असे. दाराला कडी होती, ती लावलेली नव्हती! एवढे शहाणपण यावयास ब्लास्टर यावा लागला.

तरीही 'नंतर' काही सुटले नाही. १४ मार्च २०१७ रोजी आणखी एका भोकाचे ठिगळ निघाले. फायली एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर देण्याघेण्याच्या जुन्या व्यवस्थेत ते भोक होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला ते पूर्वीच ठाऊक होते आणि तिने ते आपल्या हेरगिरीसाठी दडवून ठेवले होते. माझ्या मते या साऱ्या कथेतील हा सर्वांत लाजिरवाणा भाग. ते हत्यार चोरीस गेले आणि १४ एप्रिलला चोरांनी ते उघड्यावर मांडले. १२ मे रोजी, ठिगळ निघाल्यापासून ५९ दिवसांनी, वॉनाक्राय नावाचा किडा सुटला. तो फायलींना कुलूप घाली आणि किल्लीसाठी ३०० डॉलर मागे. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रे त्याने धरली. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांचे संगणक बंद पडले, रुग्णांच्या हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या.

जुन्यापुराण्या एक्सपीमुळे हे घडले असे तेव्हा सर्वत्र बोलले गेले. ते खरे नव्हे. बाधा झालेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ची होती, म्हणजे ज्यांच्यासाठी ठिगळ दोन महिने तयार होते अशी! ही साथ रोखली कोणी, तर मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या इंग्रज तरुणाने. किडा पसरण्यापूर्वी इंटरनेटवरील एक विचित्र नावाचा पत्ता अस्तित्वात आहे का हे पाहतो, असे त्याला दिसले. त्याने तो पत्ता दहा-अकरा डॉलरना आपल्या नावे नोंदविला आणि पसरणे थांबले. जेथे कुलूप आधीच लागले होते तेथे मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

येथे कोणी म्हणेल, अपडेटमधूनच विष आले तर? प्रश्न रास्त आहे, कारण तसेही घडले आहे, आणि तेही त्याच वर्षी. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका लोकप्रिय प्रोग्रॅमच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी नॉटपेट्या नावाचा किडा मिसळला. तेथून तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत शिरला आणि थेट आपल्या न्हावाशेव्यापर्यंत पोचला. जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या कंपनीच्या धक्क्याचे काम ठप्प झाले. कंपनीला ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्या साऱ्या जाळ्याची मूळ नोंदवही ज्या यंत्रांवर होती ती जगभर पुसली गेली होती. वाचले होते फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशात. आणि ते का वाचले? तर ऐन हल्ल्याच्या वेळी तेथली वीज गेली होती म्हणून! वीज गेल्याचा एवढा फायदा दुसऱ्या कोणाला झाला असेल, असे वाटत नाही.

यावरून अपडेट नको असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. ठिगळ न लावल्याने बुडालेल्यांची यादी ठिगळातून विष आल्याने बुडालेल्यांच्या यादीहून फार लांब आहे. पण घानाच्या यंत्राने दाखविले ते हे की, जाळ्यापासून तुटलेली एक नक्कल जवळ असावी. घरी त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह पुरतो. मात्र काम झाल्यावर तो काढून ठेवावा. जोडलेलाच राहिला तर कुलूप त्यालाही लागते.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तेच केले. शाळेच्या फायली पेनड्राइव्हवर उतरविल्या, गुरुजींनी तो कपाटात कुलपात ठेवला आणि मग 'आता' दाबले. पाऊण तास गेला; वीज राहिली, चहाही झाला. यंत्र मात्र विंडोज १०चे होते. त्याची मोफत ठिगळे १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. घरगुती ग्राहकांना काही अटींवर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदत कंपनीने जाहीर केली. नवे विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर बसेना, आणि नवे यंत्र घेण्यास पैसे नाहीत. केरळातील सरकारी शाळांनी पुष्कळ वर्षांपूर्वीच लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घेतली होती, हे मी गुरुजींना सांगून ठेवले होते.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तो गुरुजींनी गावातल्याच एका शिकलेल्या मुलाकडून लिनक्स बसवून घेतले होते. त्यांनी मला पहिल्याप्रथम दाखविले ते हे, की त्यावर मराठी टाइप होते. कोपऱ्यात अपडेटची सूचना आली होती. "थांबा सर, हे आधी करून घेतो," म्हणाले, आणि पेनड्राइव्ह काढण्यासाठी कपाटाची किल्ली शोधू लागले.