टायर बंडीची कुळकथा

आदिलाबादच्या कापूस बाजारात कुणी तेलुगूत भाव विचारतो, कुणी मराठीत. पण रबरी चाकांच्या बैलगाडीला दोघेही ‘टायर बंडी’च म्हणतात. या बंडीच्या कुळकथेचा एक धागा थेट महायुद्धापर्यंत जातो.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले आणि हिंदुस्थानात उरलेल्या लष्करी मोटारी ‘डिस्पोजल’ म्हणून विक्रीस निघाल्या. त्यांत विलीस जीपही होत्या. त्यांचा टायर सहा इंच रुंद, रिंग सोळा इंची. जीपचे चाक इंजिनाच्या जोराने जमीन मागे रेटते. टायरची नक्षी झिजली की ते चिखलात जागीच फिरते. बंडीचे चाक मात्र बैलांमागे नुसते ओढले जाते. त्याला नक्षी नको. रुंदी आणि हवा पुरे. अरुंद लोखंडी धाव काळ्या मातीत रुतते, रुंद टायर वर राहतो. म्हणूनच मोटारीने टाकून दिलेले चाक बेअरिंगसकट बंडीला चालले.

याची किंमतही कुणीतरी मोजली. आरे बसवणारा सुतार आणि तापलेली धाव चढवणारा लोहार यांचे हातचे काम गेले. वर्गात महायुद्ध शिकवताना मी सेनापतींबरोबर या दोघांचीही आठवण करून देतो.

१९५६ मध्ये राजुरा तालुका आदिलाबादेतून मुंबई राज्यात गेला. सीमा सरकली, ‘बंडी’ हा शब्द मात्र दोन्हीकडे राहिला.