योएल संदेष्टा : पश्चात्तापाची हाक आणि तिची पार्श्वभूमी

राखेच्या बुधवारी प्रायश्चित्तकाळाचा आरंभ होतो. त्या दिवशी मिस्सामधील पहिले वाचन योएल संदेष्ट्याच्या ग्रंथातून (२:१२-१८) घेतलेले असते. वस्त्रांऐवजी अंतःकरण फाडण्याचे त्यातील आवाहन आपण दरवर्षी ऐकतो. ही हाक कोणत्या संकटात दिली गेली, हे ध्यानात घेतल्यास तिचा अर्थ अधिक उलगडतो.

संदेष्टा आणि त्याचा काळ

'योएल' या हिब्रू नावाचा अर्थ 'याहवे हाच देव' असा होतो. तो पथूएलाचा पुत्र होता, याखेरीज त्याच्या जीवनाविषयी ग्रंथात काहीही सांगितलेले नाही. ग्रंथात यहुदाच्या कोणत्याही राजाचा उल्लेख नाही. वडीलजन व याजक हेच लोकांचे पुढारी आहेत आणि मंदिरातील उपासना सुरू आहे. त्यामुळे बाबेलच्या बंदिवासानंतर, इ.स.पूर्व ५१५ च्या सुमारास मंदिर पुन्हा उभे राहिल्यावर हा ग्रंथ रचला गेला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. काहींच्या मते तो अधिक प्राचीन आहे.

टोळधाड आणि रिकामी वेदी

पहिल्या अध्यायात टोळांसाठी गाझाम, अर्बे, येलेक व हासील असे चार हिब्रू शब्द येतात. एकाने जे सोडले ते दुसऱ्याने फस्त केले. अंजिराच्या झाडाची साल सोलली जाऊन फांद्या पांढऱ्या पडल्या, असे योएल सांगतो. हे वर्णन अतिशयोक्त नाही. १९१५ साली पॅलेस्टाईनवर भीषण टोळधाड आली होती. यरुशलेममधील अमेरिकन कॉलनीच्या छायाचित्रकारांनी तेव्हा काढलेल्या चित्रांत तेच अंजिराचे झाड धाडीपूर्वी पानांनी बहरलेले, तर धाडीनंतर निष्पर्ण दिसते.

गहू, जव, द्राक्षे व जैतून नष्ट झाल्याने उपासमार तर आलीच, शिवाय उपासनाही खंडित झाली. मोशेच्या नियमानुसार मंदिरात रोज सकाळी व संध्याकाळी कोकरासोबत तेलात मळलेले पीठ आणि द्राक्षारस अर्पण करायचा असे (निर्गम २९:३८-४१). आता पीठ नाही, तेल नाही, द्राक्षारसही नाही. याजक शोक करतात तो यासाठी. ज्यांच्या हाती देवाला द्यायला काहीच उरले नाही, अशा लोकांकडे योएल अंतःकरण मागतो.

'परत फिरा' म्हणजे काय?

पश्चात्तापासाठी येथे वापरलेले 'शूव' हे हिब्रू क्रियापद मूलतः 'परत फिरणे' या अर्थाचे आहे. वाट चुकलेल्याने मागे वळावे, तसे हे परतणे. वस्त्र फाडणे ही शोक प्रकट करण्याची त्या समाजातील रूढ पद्धत होती. योसेफ मेला असे वाटल्यावर याकोबाने तसेच केले (उत्पत्ती ३७:३४). हिब्रू विचारानुसार अंतःकरण हे केवळ भावनांचे नव्हे, तर विचारांचे व निर्णयांचे स्थान आहे. म्हणून अंतःकरण फाडणे म्हणजे हळहळणे एवढेच नसून जीवनाची दिशा बदलणे होय.

तथापि योएल बाह्य विधी झिडकारत नाही. तो उपवास ठरवायला, रणशिंग फुंकायला आणि सर्वांना एकत्र जमवायला सांगतो. वृद्ध, तान्ही बालके, इतकेच नव्हे तर नवविवाहित जोडप्यांनीही यावे, असा त्याचा आग्रह आहे. नवविवाहित पुरुषाला वर्षभर युद्धातूनही सूट असे (अनुवाद २४:५). या सभेतून मात्र नाही. विशेष म्हणजे आमोस किंवा होशेय यांच्याप्रमाणे योएल लोकांची पापे एकेक करून मोजत नाही. आपण कोठे भरकटलो, हे प्रत्येकाने स्वतः शोधायचे आहे.

देवाने मागे ठेवलेला आशीर्वाद

कदाचित देव वळेल व आशीर्वाद मागे ठेवील, अशी आशा योएल व्यक्त करतो (२:१४). तो आशीर्वाद म्हणजे अन्नार्पण आणि पेयार्पण! जे देवाला वाहायचे, तेच आधी देवाकडून मिळते. मिस्सामध्ये भाकर व द्राक्षारस अर्पण करताना आपण हेच कबूल करतो.

पुढे योएलने पवित्र आत्म्याच्या वर्षावाचे अभिवचन सांगितले. पेंटेकॉस्टच्या दिवशी संत पेत्राने आपल्या प्रवचनात त्याचाच आधार घेतला (प्रेषितांची कृत्ये २:१६-२१). कपाळी राख घेताना आपणही रिकाम्या हातांनी वेदीसमोर उभे असतो. त्या क्षणी देवाला देण्याजोगे जे उरते, ते योएलने आपल्याला दाखवून ठेवले आहे.