तिकिटावर जात नव्हती

गुहागरला आगगाडी नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, तरी गाडीसाठी चिपळूणच गाठावे लागते. म्हणून येथील वर्गात रेल्वेचा इतिहास शिकवताना आपण इंजिनापेक्षा प्रवाशांपासून सुरुवात करू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली. तिचा डबा भाड्यावरून ठरे, जातीवरून नव्हे. तिसऱ्या वर्गात शेजारी निवडता येत नसे. मग शिवाशिव संपली का?

मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुटुंबातले नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर १९०१ साली भाऊ व भाच्यांसह वडिलांकडे निघाले. मसूरपर्यंतचा गाडीचा प्रवास आनंदात झाला. तेथे जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरले. बैलगाडीवाले नेईनात. दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच गाडी हाकावी या अटीवर एक जण तयार झाला. रात्रभर पाणी मिळाले नाही.

रुळांनी माणसे जवळ बसवली, पण स्टेशनाबाहेरचा रस्ता जुनाच होता. विद्यार्थ्यांना गावातील वृद्धांकडे पाठवावे. आगबोटीत, एसटीत शेजारी कोण बसे, पाणी कोण कोणाला देई, हे त्यांनी विचारून लिहून आणावे.