हरताळ, हंसपद आणि समासातील टिपा

एखाद्या गोष्टीवर ‘हरताळ फासला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती पार नाहीशी केली असाच अर्थ आपल्या मनात असतो. या वाक्प्रचाराचा जन्म मात्र पोथी लिहिणाऱ्याच्या बैठकीवर झाला. अक्षर चुकले की लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत असे आणि तो वाळला की वर नवे अक्षर काढीत असे. गंमत अशी, की या लेपाने पुरते काहीच पुसले जात नसे. येथे काही बदलले आहे, हे पानावरचा पिवळा डागच सांगत राही. कित्येकदा खालचे अक्षरही अंधुक दिसते. शब्द गळला असेल तर ओळीत हंसपदाची खूण करावयाची, गळलेला मजकूर समासात लिहावयाचा आणि तो कितव्या ओळीतला हे कळावे म्हणून शेजारी आकडा घालावयाचा, अशी रीत होती. समास रुंद सोडण्याचे हे एक मोठे कारण. पोथीचे पान म्हणजे मजकूर आणि त्याच्या दुरुस्तीचा इतिहास, दोन्ही एकत्र.

दफ्तरातील कागदांची तऱ्हा वेगळी. तेथे मागाहून कोणी काही घुसडू नये, हीच चिंता मोठी. म्हणून पत्राच्या अखेरीस मोर्तब होई, ‘लेखनसीमा’ लिहिली जाई. शिवकालीन पत्रांवरील ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा याच कामाची. येथे मजकूर संपला. यापुढे दिसेल ते आमचे नव्हे.

आपल्या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध दुरुस्ती एकनाथांची. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला, असे त्यांनी अखेरीस सांगितले आणि यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी सक्त ताकीदही दिली. पुढच्या पिढ्यांनी ती बव्हंशी पाळली आणि वारकऱ्यांच्या हाती एक स्थिर संहिता आली. हे उपकार थोर आहेत. परंतु नाथांनी कोणत्या ओव्या वगळल्या, कोणते पाठ टाकले, त्यांपुढे कोणत्या प्रती होत्या, याची यादी काही आपल्या हाती आलेली नाही. १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा जुने कोणते आणि नवे कोणते हा वाद उभा राहिला. नाथांच्या समासातील टिपा उरल्या असत्या, तर त्यातला अर्धा वाद झालाच नसता, असे आम्हांस वाटते.

याच्या अगदी उलट टोकाला पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती आहे. काम १९१९ मध्ये सुरू झाले, १९२५ मध्ये डॉ. वि. सी. सुकथनकर प्रधान संपादक झाले आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. बाराशेंहून अधिक पोथ्या पाहिल्या गेल्या. पोथ्या ताडून पाहण्याचे काम पुण्याबाहेर शांतिनिकेतनात आणि तंजावरातही चाले. तंजावरच्या मराठी राजघराण्याने जपलेल्या सरस्वती महालाचा हा सहभाग बाहेरगावच्या आपल्या मंडळींनी अवश्य लक्षात ठेवावा. पद्धत सोपी पण चिकाटीची होती. कागदाच्या माथ्यावर श्लोक लिहावयाचा आणि खाली एकेका पोथीचा संकेत देऊन तिच्यात जेथे वेगळे असेल तेवढेच नोंदवावयाचे. कोण, कोठे, काय, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक नोंदीत. संपादकांनी जे श्लोक मूळ संहितेत घेतले नाहीत ते फेकून दिले नाहीत. लहान भाग तारांकित करून तळटिपांत गेले, मोठे परिशिष्टांत. नको असलेला मजकूर मजकुराबाहेर काढावा, पण पुस्तकाबाहेर काढू नये, हे तत्त्व. बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून १९७५ पर्यंत पुरी झालेली वाल्मीकिरामायणाची आवृत्ती याच वाटेने गेली.

छापखान्याच्या युगात मात्र ही शिस्त संपादनशास्त्रापुरती उरली. मुद्रितांवर लाल शाईने खुणा व्हाव्यात, जुळाऱ्याने खिळे बदलावेत आणि मुद्रिते रद्दीत जावीत, हा सर्वत्र क्रम होता. १९९० नंतर पेजमेकर आला, तरी तेच चालले. त्या काळच्या मराठी टंकांचे तर आणखी दुखणे होते. टंक नसेल तर फाईल उघडूनही अक्षर वाचता येत नसे. विंडोज २००० पासून युनिकोडातील देवनागरी घरगुती संगणकावर येऊ लागली, तेव्हा कुठे ही पीडा कमी झाली.

आता वर्डचे पाहू. त्याच्या १९९७ च्या आवृत्तीपासून ‘ट्रॅक चेंजेस’ आणि ‘कमेंट’ ही नावे रूढ झाली. पहिली सोय सुरू ठेवली की खोडलेला शब्द रेघ मारलेला दिसतो, घातलेला शब्द अधोरेखित दिसतो आणि प्रत्येक बदलापाशी करणाऱ्याचे नाव व वेळ राहते. दुसरी म्हणजे शुद्ध समासातील टीप. पोथीतला पिवळा डाग आणि हंसपद परत आले, तेही सहीनिशी! सुकथनकरांच्या कारकुनाला जे दिवसचे दिवस लिहावे लागे, ते यंत्र आपोआप टिपून ठेवते.

आणि तरीही आपण ते एका कळीसरशी घालवतो. आपल्याकडे कुलवृत्तांत, संस्थांचे शताब्दी-ग्रंथ, वडीलधाऱ्यांच्या आठवणी आता संगणकावर सिद्ध होतात. धरून चालू, की ग्वाल्हेरच्या एका घराण्याच्या मसुद्यात ‘आमचे मूळपुरुष महादजी शिंद्यांबरोबर लष्करात येऊन राहिले’ असे वाक्य आहे. एका वृद्ध काकूंनी बाजूला टीप घातली : ‘सासूबाई दौलतरावांचे नाव घेत.’ महादजी १७९४ मध्ये वारले आणि दौलतरावांनी ग्वाल्हेरास लष्कर वसवले १८१० मध्ये. म्हणजे काकूंची टीप वजनदार आहे. छपाईची घाई होते, ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबले जाते, टिपा एकगठ्ठा काढल्या जातात. वाक्य सुधारले असेल वा नसेल, पण सासूबाईंची साक्ष गेली. मुलुखापासून दूर राहिलेल्या घराण्यांजवळ सनदा थोड्या आणि ऐकीव माहिती फार. आपल्यापाशी पुष्कळदा ती टीप हाच एकमेव पुरावा असतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. टिपा नुसत्या दृष्टीआड केल्या म्हणजे गेल्या, असे नव्हे. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकविषयी एक टिपण वर्डच्या फाईलच्या रूपात प्रसिद्ध केले, तेव्हा शेवटी शेवटी ते कोणाकोणाच्या हातून गेले ती नावे फाईलच्या पोटातच राहिली होती. पुढे ती जगाने वाचली. घराण्यातील वाटणीच्या वादावर कोणी केलेली खाजगी शेरेबाजी छापखान्यात जाऊ नये, हेही खरेच.

म्हणून प्रती दोन ठेवाव्या. एक स्वच्छ, छपाईची; दुसरी टिपांसह, जशीच्या तशी, नावात तारीख घालून. एखाद्या टिपेचे काम झाले तर ती ‘डिलीट’ न करता ‘रिझॉल्व्ह’ करावी, म्हणजे ती फिकट होते पण राहते. यंत्राने लावलेल्या नावावर विसंबू नये. घरातील एकाच संगणकावर पाच जणांनी टिपा घातल्या तर पाचही एकाच्याच नावावर पडतात, आणि ते नाव बहुधा ‘युजर’ असते. टिपेच्या शेवटी आद्याक्षरे घालण्याची जुनी सवय येथे कामी येते. कोणी बदलांची नोंद न ठेवताच फाईल परत धाडली, तर ‘कम्पेअर’ने जुनी व नवी प्रत शेजारी लावून फरक काढता येतो. अर्थात जुनी प्रत ठेवली असेल तरच. टिपांसह प्रत एकदा कागदावरही छापून ठेवावी. वीस वर्षांपूर्वीची फ्लॉपी आज कोणाच्या घरी चालते?

ज्या टिपांचा निकालच लागला नाही, त्यांचे काय करावे? सुकथनकरांनी संशयित पाठाखाली नागमोडी रेघ छापली. आपल्या कुलवृत्तांतात काकूंचे म्हणणे त्यांच्या नावासह तळटिपेत जावे आणि वर ‘महादजी’ या शब्दाखाली तशीच एक रेघ असावी.