पानात काय पडते, हे पाहणारी डॉक्टरीण



स्मरणिकेसाठी लेख द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लेख लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. पण एक हकीगत बरेच दिवस मनात घोळत आहे, ती तुमच्यापुढे ठेवते.

माझ्या सासूबाईंची आजी परळला गिरणीत कामाला होती. तिसऱ्या बाळंतपणात ती गेली. "अंगात रक्तच उरले नव्हते," एवढेच घरात सांगत. तिचे नशीब, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. पुढे माझी भाची नर्स झाली. तिने मला डॉक्टर लूसी विल्स यांची हकीगत वाचून दाखवली, आणि त्या नशिबाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले.

या बाई इंग्लंडच्या. जन्म १८८८ चा. १९२८ साली त्या मुंबईस आल्या व परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गरोदर बायकांना होणाऱ्या जबर पंडुरोगाचे कारण त्यांना शोधायचे होते. कोणत्या घरची बाई काय खाते, हे त्यांनी पाहिले. खात्यापित्या घरी हा आजार क्वचित. ज्यांच्या पानात भाजी, फळ, दूध जवळजवळ नाही, त्या गरीब बायकांना फार. मग दक्षिणेत कुन्नूरला त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. निकृष्ट अन्नावर ठेवून पंडुरोगी झालेले माकड मार्माइटने बरे झाले. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा काळा, खारट अर्क, अगदी स्वस्त. तोच अर्क बायकांना दिला, आणि त्याही बऱ्या झाल्या. १९३१ साली हे छापून आले.

त्या अर्कात काय होते, हे मागाहून कळले. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून ते द्रव्य काढले, म्हणून पानावरून नाव पडले फोलिक आम्ल. १९४५ मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या कामाचे प्रमुख आपल्या आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आणि १९९१ साली सिद्ध झाले, की आधीचे मूल मेंदूच्या वा पाठीच्या कण्याच्या व्यंगाचे झालेल्या बायकांनी दिवस राहण्यापूर्वीच हे आम्ल घेतले, तर शंभरातली सुमारे ७२ व्यंगे टळतात.

भगिनींनो, येथेच आपले चुकते. डोहाळजेवण आपण सातव्या महिन्यात थाटाने करतो, डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर वळतो. बाळाच्या मेंदूची व कण्याची घडण मात्र पहिल्या चार आठवड्यांतच होते. तेव्हा दिवस गेले आहेत हे आईलाही पुष्कळदा ठाऊक नसते!

माझेच सांगते. पहिल्या खेपेस मिळालेल्या लोहाच्या गोळ्यांनी मळमळे, म्हणून मी त्या गादीखाली लपवल्या. वर सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरेल ते खाणे. बाळंतपणात रक्त चढवावे लागले. मूल सुखरूप आहे, पण तो दिवस आठवला की अजून छातीत धस्स होते. मळमळते एवढे जरी डॉक्टरांना सांगितले असते, तरी त्यांनी उपाय सांगितला असता.

सगळ्यांना एकच माप लागू नसते. साधारणपणे मूल व्हावे असे मनात आल्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घ्यावयास सांगतात. आधीचे मूल व्यंगाचे असेल, किंवा फेफऱ्याचे औषध चालू असेल, तर मात्रा डॉक्टरच ठरवतील. शाकाहारी बाईने बी-१२ विषयीही विचारावे. पानात मेथी, पालक, मोडाची मटकी, डाळ असावी. पालेभाजी फार शिजवू नये, तिचे पाणी फेकू नये.

आता माझ्या घरी सून येईल. तिचे पान मी माझ्या बरोबरीने मांडणार, आणि तिला आधी वाढणार. सासूबाईंच्या आजीचे एवढे तरी ऋण माझ्याकडून फिटावे.