बिजो इमॅन्युएल खटला

धर्मश्रद्धा आणि राष्ट्रनिष्ठा यांच्यातील वादावरचा भारतीय सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल (11 ऑगस्ट 1986). पूर्ण नाव : बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य.

केरळमधील एका शाळेत दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी बिजोसह तीन भावंडे रोज परिपाठाला उभी राहत. ‘जन गण मन’ सुरू झाले की ताठ, अदबीने उभी. ओठ मात्र मिटलेले. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची ही मुले प्रार्थना फक्त ईश्वराची, असे मानत. वर्षानुवर्षे कोणाला त्यात काही खटकले नव्हते. मग एका आमदाराने विधानसभेत प्रश्न काढला. चौकशीत मुलांनी अवमान केल्याचे आढळले नाही, तरी जुलै 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढले गेले. केरळ उच्च न्यायालयानेही दाद दिली नाही.

सर्वोच्च न्यायालयात न्या. चिनप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी चित्र पालटले. राष्ट्रगीत म्हणण्याची सक्ती करणारा कायदाच नाही. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा 1971 चा कायदा शिक्षा करतो ती गायनात अडथळा आणणाऱ्याला, गप्प राहणाऱ्याला नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद 19 मधील अभिव्यक्तीत मौनही आले आणि अनुच्छेद 25 ने श्रद्धेला संरक्षण दिले. श्रद्धा इतरांना पटते की नाही, हा मुद्दाच गैरलागू. ती प्रामाणिक असली की पुरे.

अमेरिकेत याच पंथाच्या मुलांना ध्वजवंदनाच्या वादात 1940 मध्ये हार आणि 1943 मध्ये जीत मिळाली होती.

भारतात राष्ट्रगीताच्या सक्तीचा प्रश्न पुढेही आला : चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे करणारा 2016 चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2018 रोजी शिथिल केला.