धनुःस्तंभ, पांचवी आणि वंशावळींतील रिकाम्या जागा

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत एखाद्याच्या हातास पत्रा लागला, कीं त्यास प्रथम सुई टोंचून घेण्यास धाडतात. ‘लोखंड लागलें, धनुर्वात होईल’ ही समजूत आमच्या चिंचवडकडे आबालवृद्धांस आहे. तींत तथ्य अर्धेंच. गंज विषारी नसतो. रोगाचे जंतु मातींत व घोड्यागुरांच्या लिदीशेणांत बीजरूपानें पडून असतात, आणि खोल जखमेंत, जेथें वारा पोंचत नाहीं तेथें, वाढून विष उत्पन्न करतात. १६६० सालीं शाइस्तेखानाच्या फौजेनें चाकणच्या कोटास वेढा घातला, त्या वेळच्या जखमींचा विचार करतांना तळावरील घोड्यांची लीद विसरून चालावयाचें नाहीं. परंतु प्रस्तुत विषय लढाईंतले घायाळ नव्हेत; ज्यांची नोंद त्यांच्याहूनहि दुर्मिळ, अशीं बाळें होत.

सुश्रुतानें निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत शरीर धनुष्यासारखें वाकविणारा धनुःस्तंभ सांगितला असून, गर्भपात, अतिरक्तस्राव व अभिघात यांपासून झालेला अपतानक असाध्य म्हटला आहे. स्त्री व जखमी या दोघांशीं असलेला संबंध त्यानें बरोबर हेरला. नवजात बालक मात्र त्या यादींत नाहीं. उत्तरतंत्रांतील नवग्रहांपैकीं नैगमेषाच्या लक्षणांत तोंडास फेस येणें व मध्यें वाकणें हीं आहेत. पण तेवढ्यावरून तो धनुर्वातच होय असें म्हणणें धाडसाचें होईल. शारीरस्थानांत नाळ आठ अंगुळांवर सुतानें बांधून छेदावी असें आहे. खेड्यापाड्यांतून हें काम घरच्या विळ्यानें होई, व कित्येक ठिकाणीं नाळेच्या टोंकास राख किंवा शेण लावीत.

या रोगाची रीत अशी कीं मूल पहिले दोन दिवस नीट पितें, रडतें. पुढें, बहुधा आठवड्याच्या आंतबाहेर, दांतखीळ बसून अंगावर घेईनासें होतें आणि ताठतें. पांचवीच्या व सटवीच्या रात्रीं आमच्या बायका इतक्या धास्तीनें कां जागवीत, याचा एक उलगडा येथें मिळतो असा आमचा तर्क आहे; तर्क म्हणूनच तो घ्यावा. बारसें बाराव्या दिवशीं. त्यापूर्वीं गेलेल्यास नांव नाहीं, आणि नांव नाहीं त्यास वंशावळींत जागा नाहीं. आम्हीहि एका कुळाची वंशावळ उतरून घेतांना ‘एक मूल आठवे दिवशीं वारलें’ अशा ओळी निरुपयोगी समजून गाळल्या. त्याचा आज पश्चात्ताप होतो.

कागदांत न दिसणारें हें संकट मोजणींतहि उशिरांच दिसलें. जपानी शास्त्रज्ञ कितासातो यानें १८८९ सालीं जंतु वेगळा काढला. पुढल्याच वर्षीं त्यानें व बेरिंगनें प्रतिविष सिद्ध केलें. पुण्यांत १९६६ सालीं स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटनें आरंभीं जें औषध केलें, तें घोड्यांच्या रक्तापासूनचें हेंच होय. ज्याच्या लिदींत बीज, त्याच्याच रक्तांत उतारा! इकडे १९८१-८२ च्या सुमारास देशांत पाहणी झाली, तेव्हां खेड्यांतून दर हजार जन्मांमागें सुमारें १३ बाळें या एकाच रोगानें जात असल्याचें आढळलें. शहरांतून सुमारें ३. उपाय बाळास नव्हे, आईस करावयाचा होता: गरोदरपणीं तिला लस दिली कीं तिच्या रक्तांतील प्रतिविष गर्भास पोंचतें. १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण चाललें, दवाखान्यांतील बाळंतपणें वाढलीं, आणि २०१५ सालीं माता व नवजात यांच्या धनुर्वाताचें भारतांतून निवारण झाल्याचें जाहीर झालें. त्याचा अर्थ इतकाच कीं प्रत्येक जिल्ह्यांत वर्षाला हजार जन्मांमागें एकाहूनहि कमी रोगी. मातींतलें बीज कोठेंच गेलेलें नाहीं, म्हणून लस थांबवितां येत नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं घरगुती जमाखर्च आहेत त्यांनीं पाहावें: सुईणीस लुगडें दिल्याची रक्कम आहे, पण बारशाचा खर्च पुढें नाहीं, असें कोठें आढळतें काय? मूल नांवापूर्वीं गेल्याची ती खूण असूं शकेल; कारण धनुर्वातच असें मात्र नव्हे. जन्मटिपणांतहि नांवाची जागा कोरी सांपडेल. मृत्यूचा दिवस दिला असल्यास तो नकलेंत न गाळतां उतरावा.